धान हमीभावाने विकला त्याची गोष्ट

मौदा तालुक्यातली शेती बाबा पाहतात, मी नागपुरात नोकरी करतो. त्यामुळे घरातली कागदपत्रं आपोआप माझ्याकडे आली. 2024 च्या खरिपातला ठोकळ, म्हणजे जाड दाण्याचा साधारण धान सरकारी खरेदी केंद्रावर द्यायचा असं मी म्हटलं, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "चुकारा कधी येईन?" चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे.

प्रश्न बरोबर होता. गावातला व्यापारी अंगणात काटा लावतो आणि नोटा मोजून देतो. भाव मात्र त्याचा. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता आणि व्यापारी दोन हजाराच्या वर बोलायला तयार नव्हता. बारीक धानाचं गणित वेगळं. जय श्रीरामसारख्या वाणाला बाहेर हमीभावापेक्षा जास्त मिळतं, म्हणून तो केंद्रावर कोणी नेत नाही. अर्थात त्यातही 20 जुलै 2023 ला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा व्यापाऱ्याने लगेच बंदीचं नाव सांगून भाव पाडला. सप्टेंबर 2024 अखेर बंदी उठली, तर म्हणे "वरून अजून भाव आला नाही". खाली यायला त्याला एक दिवस लागतो, वर चढायला हंगाम.

तर केंद्रावर धान द्यायचा तर आधी नोंदणी. त्यासाठी सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक लागतं आणि सातबाऱ्यावर धानाची ई-पीक पाहणी लागलेली असावी लागते. ही पाहणी शेतकऱ्याने स्वतः बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभं राहून मोबाइलवर फोटो काढून करायची. आमच्या बांधीत रेंज कालव्याच्या पाळीवर चढलं तरच मिळते, आणि पाळीवरून फोटो काढला तर अ‍ॅप म्हणतं तुम्ही गटाबाहेर आहात. शेवटी फोटो बांधीत काढला आणि पाळीवर येऊन अपलोड केला. सातबारा बाबा आणि काका यांचा सामायिक, म्हणून काकांचं संमतीपत्रही जोडलं.

मला वाटलं, आता बाबांच्या वतीने मी नोंदवून टाकतो. ते जमत नाही. ज्याचा सातबारा त्याचा तिथल्या तिथे फोटो काढतात. व्यापाऱ्यांनी भलत्याच्या सातबाऱ्यावर धान खपवू नये म्हणून ही सोय आहे आणि ती मला पटते. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला थंडीत रांगेत उभं करावं लागलं. फोटो काढताना दर वेळी बाबांचे डोळे मिटायचे. ऑपरेटर पोरगा वैतागला नाही, हे त्याचं मोठेपण. "काकाजी, इकडे पाहा, मोबाइलकडे नाही, माझ्याकडे," असं म्हणत त्याने फोटो घेतला.

नोंदणीला आमच्याकडे आणखी एक कारण होतं. हमीभावावर राज्य सरकारचा बोनस पूर्वी क्विंटलमागे मिळायचा. आता तो हेक्टरी आहे, त्या हंगामासाठी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, आणि नोंदणीशिवाय तो नाहीच.

नोंदणी झाली तरी धान लगेच घेत नाहीत. गोदाम भरलं, बारदाना (रिकामी पोती) नाही, मिलवाले उचल करत नाहीत, ही कारणं आलटून पालटून ऐकली. मग साखळी कशी चालते ते मी जरा समजून घेतलं. राज्यात आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ आणि इतरत्र पणन महासंघ खरेदी करतो, प्रत्यक्ष काटा मात्र स्थानिक संस्थांकडे असतो. घेतलेला धान भरडाईला मिलमध्ये जातो. एका क्विंटलमागे 67 किलो तांदूळ मिलने परत द्यायचा, आणि तो तांदूळ रेशन दुकानात येतो. म्हणजे मिलने उचल केली नाही की गोदाम रिकामं होत नाही, आणि गोदाम रिकामं नाही की बाबांचा धान पुंजण्याशेजारी (कापलेल्या धानाच्या रचलेल्या ढिगाशेजारी) ताडपत्रीखाली पडून. 2023 पासून रेशनचा तांदूळ फुकट मिळतो याची चर्चा नागपुरात पानठेल्यावरही होते. पण तो दुकानात येण्याआधी कोणाच्या तरी अंगणात महिना-महिना अडकून असतो, ते शहरात दिसत नाही.

नंबर लागला त्या दिवशी ढगाळ होतं. मालाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरने कट्ट्यात (पोत्यात) बोंबी, म्हणजे टोकदार नळी, खुपसून नमुना काढला आणि ओलाव्याच्या मशीनमध्ये टाकला. मर्यादा 17 टक्के. काटा सतराच्या खाली थांबला तेव्हा बाबांनी हातातली बिडी पेटवली, तोवर ती नुसतीच धरून होते. कट्टा 40 किलोचा, बारदान्याचं वजन धरून 40 किलो 600 ग्रॅम. हमालाने काट्यावर एक-एक ओंजळ वर टाकायला सुरुवात केली. "सुकते न भाऊ गोदामात," असं त्याचं म्हणणं. सुकलेल्या धानाची भरपाई शेतकऱ्याने आगाऊ का द्यायची, असं मी विचारलं आणि प्रत्येक वजन वहीत मांडू लागलो. ओंजळ थांबली. मागच्या रांगेतल्यांची थांबली की नाही, ते माहीत नाही.

चुकारा थेट खात्यात येतो, पण येतो त्याच्या सवडीने. मधल्या काळात रब्बीचं बियाणं, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज थांबत नाही. आमच्याकडे माझा पगार होता, म्हणून आम्ही थांबलो. शेजारच्या बांधीवाल्याने नोंदणी करूनही अर्धा धान व्यापाऱ्याला दिला, पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून. केंद्राने नेमलेल्या शांता कुमार समितीने जानेवारी 2015 मध्ये लिहिलं होतं की सरकारी यंत्रणेला हमीभावाने माल विकण्याचा फायदा देशातल्या जेमतेम 6 टक्के शेतकऱ्यांना होतो. तो आकडा वाचून मला पूर्वी शंका यायची. शेजाऱ्याचे कट्टे व्यापाऱ्याच्या गाडीत चढताना पाहिल्यावर शंका उरली नाही.

पैसे आले तेव्हा बाबांनी पासबुक भरून आणायला लावलं, मोबाइलवरच्या मेसेजवर त्यांचा विश्वास नाही. बोनसचा शासन निर्णय मार्च 2025 मध्ये निघाला. पुढच्या हंगामाचा हमीभाव जाहीर झाला, 2,369 रुपये. "69 वाढले," बाबा म्हणाले, "डीएपी खताचं पोतं कितीले आहे?" तरी रोवणीला ठोकळ वाणच जास्त लावलं आहे. काकांच्या संमतीपत्रावर यंदा मी त्यांची सही आधीच घेऊन ठेवली, ते दिवाळीत मुलीकडे पुण्याला जातात.