घाटघरच्या पावसात डांगी

जुलैत भंडारदऱ्याला जाणारे बहुतेक लोक धबधबे बघायला जातात. आम्ही घोटीहून बारीमार्गे शेंडीला पोचलो ते गुरं बघायला. मित्रमंडळींनी करायची तेवढी चेष्टा केली.

अकोले तालुक्याच्या सखल भागात, संगमनेरला लागून असलेल्या दुधाच्या पट्ट्यात, संकरित होल्स्टिन गाई गोठ्यात पंख्याखाली उभ्या असतात. त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघरला, सह्याद्रीच्या कड्यापाशी, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो आणि तिथली डांगी गाय दिवसभर डोंगरात चरते.

मुरशेत मागे पडलं आणि धुक्यात समोरचं काही दिसेना. गुरं दिसण्याआधी घंटा ऐकू आल्या. मग एकेक पुढे आली: पांढऱ्या अंगावर शाई सांडावी तसे वेडेवाकडे काळे डाग, एखादीवर तांबडे. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली ती पारा. काळा रंग जास्त असेल तर बहाळा. शिवाय मणेरा, लाल, लाल पारा अशी रंगावरूनच नावं. मला दोन गाई सारख्याच दिसत होत्या, पण गुराखी मंडळी लांबून नुसत्या रंगावरून जनावर ओळखतात.

कळपामागे घोंगडीवर प्लास्टिकचा कागद घेतलेल्या एक आजी होत्या. मी अंतर राखून उभा, तर म्हणाल्या, "हात लाव की, मारत नाय ती." लावला. तळहात तेलकट झाला. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे पाणी मुरत नाही, निथळून जातं. एवढ्या पावसात केस भिजलेले, पण खाली कातडी काही गारठलेली वाटली नाही. माझं रेनकोट मात्र खांद्यावर गळत होतं.

त्याहून मला खूर महत्त्वाचे वाटले. काळे, गारगोटीसारखे टणक. इथली जमीन म्हणजे वर शेवाळलेला कातळ आणि खाली भातखाचरातला गुडघाभर चिखल. सतत ओल्यात राहिलं की मऊ खूर सडतात आणि जनावर लंगडतं. डांगी बैल त्याच चिखलात आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी दिवसभर चिखलणी करतात.

दूध? एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यावर दूध आटेपर्यंत, सरासरी ५०० लिटरच्या आसपास. होल्स्टिनवाला हसेल. मी विचारलं तर आजींनी प्रश्नच मोडीत काढला: "दुधासाठी कोण पाळतंय? बैल व्हावा म्हणून गाय." मला हे पटलं. दुधाच्या एकाच मापाने गाय मोजली की डांगी नापासच होणार. रानातलं गवत आणि भाताचा पेंढा खाऊन, खुराकाशिवाय, ती काय काय करते ते त्या मापात येतच नाही.

पण सगळं कातडीवर सोडून चालत नाही. घराच्या एका भागातच गुरं बांधतात, वासरं चुलीच्या बाजूला, आणि माश्या-डासांसाठी संध्याकाळी धूर करतात. गाय पाऊस सोसते, नुकतं जन्मलेलं वासरू सोसेलच असं नाही. बिबट्याची भीती आहेच. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला महादेव कोळ्यांच्या गावांत वाघोबाची पूजा होते, गुरांना सांभाळ म्हणून.

कळप आता लहान होत चाललेत असं जो तो सांगतो. पूर्वी गुरांमागे जाणारी पोरं आता आश्रमशाळेत असतात, आणि ते बरंच आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून चराईवर बंधनं आली. खाचरात बैलाऐवजी डिझेलवरचा पॉवर टिलर दिसतो. बैलाची गरज संपली तर आजींच्या हिशेबात गाईचं कारणही संपतं. पावसाने या जातीला काही झालं नाही, डिझेलने होईल अशी मला धास्ती वाटते.

राजूरला दरवर्षी थंडीत डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. धुतलेली, शिंगं रंगवलेली जनावरं, परीक्षक, बक्षिसं. डांगी एकत्र बघायच्या तर तिथे जरूर जा. माझं मत विचाराल तर हे प्रदर्शन भर आषाढात घाटघरला भरवावं आणि परीक्षकांना छत्री देऊ नये.