“फ्रीजरमध्ये ठेवा न मग!”

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर गेला की आमच्या काउंटरवर एकच प्रश्न दिवसभर येतो: इन्सुलिन ठेवायचं कुठं? मेडिकल चौकाकडच्या एका औषधाच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. त्या संध्याकाळी एका आजींनी तो तिसऱ्यांदा विचारला. मी फ्रीज म्हणत होतो, त्यांच्याकडे फ्रीज नव्हता. “मंग कुठं ठेवू जी?” मागं रांग, माझ्या हातात दुसऱ्याची चिठ्ठी. मी म्हणालो, “शेजाऱ्याच्या फ्रीजरमध्ये ठेवा न मग, बर्फ करून!” रांगेतले दोघं हसले. आजी मान हलवून गेल्या.

असं बोलण्याचा मला आधी फायदाच झाला होता. सप्लायरचा पोरगा भर उन्हात, बर्फाविना, स्कूटरवर इन्सुलिनचे खोके घेऊन आला तेव्हा मी म्हटलं होतं, “वा, गरमागरम! सोबत तर्री नाही आणली?” खोके परत पाठवले. पोरगा ओशाळला, हसलाही. पुढच्या खेपेपासून थर्माकोलची पेटी आणि आइसपॅक. रागावलो असतो तर नुसतं भांडण झालं असतं. पण उन्हानं इन्सुलिन खराब होतं हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

बाराव्या दिवशी आजी परत आल्या. साखर ४१२. लाल टोपीची ४० ची सिरिंज, म्हणजे बाटलीला जुळणारीच, रोज १८ युनिट, एकही दिवस चुकवलेला नाही. ओल्या फडक्यातली बाटली मी घेतली आणि तळहातांत फिरवली. ३०/७० चं, म्हणजे लवकर आणि हळू काम करणारं एकत्र केलेलं, इन्सुलिन असं फिरवलं की दुधासारखं एकजीव व्हायला हवं. यात गुठळ्या फिरत होत्या, काचेला पांढरे कण चिकटले होते. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी त्याचा भरवसा राहत नाही.

“तुमीच तं सांगतलं जी, बर्फात ठेवा म्हणून. शेजारणीकडून रोज आणतो, पघळू देतो, मंग टोचतो.”

त्यांना लगेच डॉक्टरांकडे नेलं. नव्या बाटलीचे पैसे घेतले नाहीत, पण त्यानं काय होतं?

मालक म्हणाले, अडाणी माणसांना कळत नाही. मला ते मुळीच पटलं नाही. आजींनी माझा शब्द तंतोतंत पाळला, इतका माझं कुणीच पाळत नाही. ‘गोठवू नका’ हे बाटलीवर असतं, तेही इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. टोमणा कळायला खरं काय ते ऐकणाऱ्याला आधी ठाऊक असावं लागतं. आजींना ते ठाऊक नव्हतं, म्हणून तर त्या विचारत होत्या! त्यात माझ्या तोंडाला मास्क, शेजारी कूलरची घरघर. ना चेहरा दिसला, ना सूर कळला.

खरं उत्तर दोन मिनिटांचं होतं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधल्या जागेत ओली वाळू, आत कोरड्या डबीत बाटली, वर झाकण, सगळं सावलीत. आपल्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि आतलं मडकं गार राहतं. वापरायला काढलेली बाटली अशी साधारण चार आठवडे चालते. हे मी त्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं, आणि आजींकडून परत म्हणवून घेतलं.

आजी अजून दर महिन्याला येतात. मी काही सांगितलं की आधी मास्क खाली करायला लावतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, “हे खरं न जी? मजाक तं नाही न?”