कोयनेच्या ओढ्यातील मळ्या : नाकाडाच्या प्रश्नाची तिसऱ्या हंगामाची नोंद

गेल्या हंगामाच्या नोंदीत मी कोयनेला मिळणाऱ्या एका ओढ्यातील सर्व मळ्या माशांना सरसकट ‘गारा मुल्ल्या’ असे शास्त्रीय नाव (‘गारा’ हा वंश, ‘मुल्ल्या’ ही जाती) दिले होते आणि ज्यांच्या मुस्कटावर उंचवटा होता त्यांच्यापुढे ‘नाकाडवाली उपजात’ असा शेरा लिहिला होता. या हंगामात सेहेचाळीस मासे हाताळून, मोजून आणि परत पाण्यात सोडून झाल्यावर तो शेरा चुकीचा होता असे माझे मत झाले आहे. तो नेमका कुठे चुकला, हे सविस्तर लिहिण्यासाठी ही नोंद आहे, कारण अशाच शेऱ्याच्या चिठ्ठ्या मी इतर छंदिष्टांच्या छायाचित्रांखालीही पाहिल्या आहेत.

ज्यांनी हा मासा जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. मळ्या हा खळाळत्या पाण्यातील दगडांना चिकटून राहणारा, बोटभर ते वीतभर लांबीचा मासा आहे. त्याचे पोट सपाट असते, छातीचे आणि पोटाचे पर दगडावर टेकता येतील असे आडवे पसरलेले असतात, आणि खालच्या ओठामागे एक मांसल चकती असते, जिच्या आधाराने तो प्रवाहात जागा धरून दगडावरचे शेवाळ खरवडतो. तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या असतात. लेफ्टनंट कर्नल सायक्स यांनी दख्खनमधील माशांची वर्णने प्रसिद्ध करताना अनेक माशांना इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली, त्यांतील १८३९ चे ‘मुल्ल्या’ हे एक. आपल्या ओढ्याकाठी ऐकू येणारा शब्द जगभरच्या संग्रहालयांच्या बरण्यांवर लिहिलेला आहे, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

नाकाडवाल्या माशाची कथा वेगळी आहे. जेर्डन यांनी १८४९ मध्ये दक्षिण भारतातील एका माशाला ‘स्टेनोऱ्हिंकस’ हे नाव दिले, ज्याचा अर्थ अरुंद मुस्कटाचा असा होतो. उत्तरेकडे ग्रे यांनी १८३० मध्ये ‘गोटिला’ या नावाने नाकाडवाल्या एका माशाचे नाव आधीच नोंदवले होते. पुढे दक्षिणेचा मासा हा उत्तरेच्या माशाचीच एक उपजाती आहे असे मानले गेले, आणि कित्येक दशके आपल्याकडच्या याद्यांमध्ये तो ‘गारा गोटिला स्टेनोऱ्हिंकस’ अशा तीन पदांच्या नावाने येत राहिला. गारा या वंशावरचा मेनन यांचा १९६४ चा प्रबंध आणि त्यानंतरच्या बहुतेक सूची याच मांडणीच्या आहेत. आज मात्र ‘गारा स्टेनोऱ्हिंकस’ ही स्वतंत्र जाती धरली जाते.

माझी चूक इथेच होती. तीन पदी नावातील उपजाती ही गोटिलाची आहे, मुल्ल्याची नव्हे. आमच्या ओढ्यात एकाच दगडाखाली एक गुळगुळीत मुस्कटाचा आणि एक नाकाडाचा मासा मिळाला, तर दुसरा हा पहिल्याची उपजाती असणे संकल्पनेतच बसत नाही. एकाच जातीच्या दोन उपजाती म्हणजे वेगवेगळ्या प्रदेशांत राहणारे, एकमेकांपासून बऱ्यापैकी तुटलेले दोन समूह होत, आणि ते एका ओढ्यात, एका ऋतूत, एकत्र प्रजनन करत राहिले तर त्यांच्यातील वेगळेपण काही पिढ्यांतच विरून जाईल. म्हणून एकाच ठिकाणी दोन रूपे दिसली की विचारायचे प्रश्न वेगळे असतात : हा वयाचा फरक आहे का, नर-मादीचा आहे का, ऋतूचा आहे का, आणि यांपैकी काहीच नसेल तर या दोन स्वतंत्र जाती आहेत का.

पहिला प्रश्न मला सुचला नव्हता, तो ओढ्याकाठच्या एका वृद्ध मासेमाराने समोर ठेवला. मी दोन मासे शेजारी ठेवून त्यांना विचारले, “आबा, या दोघांना तुम्ही वेगळी नावं देता का?” ते म्हणाले, “न्हाई. ह्यो नाकवाला म्हंजी म्हातारा मळ्या. वय झालं की त्येला नाक फुटतंय.” आयुष्यभर ज्यांनी हा मासा पकडला त्यांचे हे निरीक्षण तपासून पाहिल्याशिवाय बाजूला ठेवणे मला योग्य वाटले नाही, आणि या हंगामाची सगळी मोजणी मी त्यांच्या वाक्याभोवतीच आखली.

जानेवारीत सतरा, मार्चमध्ये बारा आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर सतरा असे सेहेचाळीस मासे मिळाले. सर्व जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या आहेत. लांबी मी नेहमीप्रमाणे मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, शेपटीचा पर वगळून घेतली आहे. पंचेचाळीस मिलिमीटरपेक्षा लहान असे अठरा मासे होते आणि त्यांतील एकाच्याही मुस्कटावर उंचवटा नव्हता. पंचेचाळीस ते सत्तर मिलिमीटरच्या तेरा माशांपैकी पाचांना अगदी ठेंगणा, बोटाच्या नखाने जाणवेल एवढाच फुगवटा होता. सत्तरच्या वरच्या पंधरांपैकी आठांना स्पष्ट नाकाड होते, तर सात पूर्णपणे गुळगुळीत होते.

आबांचे म्हणणे यात अर्धे खरे ठरते. नाकाड वयाबरोबर येते यात मला शंका उरलेली नाही, आणि त्यामुळेच लहान माशाला केवळ मुस्कट गुळगुळीत आहे म्हणून मुल्ल्या म्हणणे चूक आहे, कारण तो अजून नाक न फुटलेला स्टेनोऱ्हिंकसही असू शकतो. परंतु वय हेच एकमेव कारण असते तर सत्तरच्या वर गुळगुळीत मासे सापडायला नको होते, आणि ते सात सापडले, त्यांतला सर्वांत मोठा ब्याण्णव मिलिमीटरचा होता. दुसरा प्रश्न लिंगाचा. जूनमधील सहा मोठ्या माशांत नर-मादी ओळखता आले, कारण माद्यांची पोटे अंड्यांनी भरलेली होती आणि नरांच्या पोटावर अगदी हलका दाब देताच पांढरा स्राव येत होता. नाकाडवाल्या तिघांत दोन नर व एक मादी निघाली, गुळगुळीत तिघांत दोन माद्या व एक नर. म्हणजे नाकाड ही केवळ नराची खूण नाही. गुळगुळीत मोठा नर मात्र मला एकच मिळाला आहे, आणि या एका माशावर मी फार मोठा भार टाकू इच्छित नाही.

ऋतूचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. मुस्कटावरच्या टणक पुळ्या जानेवारीत बारीक आणि बोथट होत्या, जूनमध्ये त्या टोकदार आणि मोठ्या झाल्या होत्या, पण नाकाड स्वतः दोन्ही वेळा तेवढेच होते. पुळ्या आणि नाकाड या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवायच्या हे मी यातून शिकलो. नेबेश्वर आणि विश्वनाथ यांनी २०१७ मध्ये गारा वंशाच्या मुस्कटाच्या रचनेवर जे काम प्रसिद्ध केले, त्यात नाकाड एक पाळीचे, दोन पाळ्यांचे की तीन पाळ्यांचे, त्याच्यापुढचा आडवा उंचवटा वेगळा आहे की नाही, पुळ्या कोणत्या भागावर आहेत, अशी प्रत्येक भागाची स्वतंत्र नावे ठरवून दिली आहेत. पूर्वी मी नुसते ‘नाक आहे’ किंवा ‘नाक नाही’ असे लिहीत असे. आता प्रत्येक माशाच्या मुस्कटाचे समोरून, बाजूने आणि खालून असे तीन फोटो घेतो.

फोटोंविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण निम्मी ओळख तिथे जिंकली किंवा हरली जाते. पंधरा सेंटिमीटर लांब, दहा उंच आणि फक्त तीन सेंटिमीटर रुंद अशी ॲक्रिलिकची टाकी मी करून घेतली आहे. तिच्यात मासा वळू शकत नाही आणि काचेला समांतर राहतो. मागे राखाडी कागद लावतो. पांढऱ्या बादलीत ठेवलेला मळ्या काही मिनिटांतच फिका पडतो आणि काळ्या टोपलीत गडद होतो, त्यामुळे रंगावरून, अंगावरच्या पट्ट्यावरून किंवा कल्ल्याच्या झाकणामागच्या काळ्या ठिपक्याच्या गडदपणावरून केलेली ओळख मी आता मोजतच नाही. पुळ्या दिसण्यासाठी प्रकाश बाजूने, जवळजवळ आडवा यायला हवा. समोरून फ्लॅश मारला की मुस्कट गुळगुळीत भासते आणि नाकाडवाला मासाही मुल्ल्या दिसू लागतो. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करणे, बॅटरीवरचा हवेचा पंप चालू ठेवणे आणि दोन मिनिटांच्या आत मासा त्याच डोहात सोडणे हे नियम मी कितीही चांगला फोटो मिळत असला तरी मोडत नाही. एका खोऱ्यातील मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडणे तर कधीच करू नये, कारण त्याने आपला प्रश्न तर बिघडतोच, पण ओढ्याचाही इतिहास बिघडतो.

मुस्कटापलीकडची एखादी स्वतंत्र खूण मिळावी म्हणून पार्श्वरेषेवरचे, म्हणजे अंगाच्या बाजूने कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या रेषेवरचे खवले मोजले. मोजणी खांद्याच्या हाडाला टेकणाऱ्या पहिल्या खवल्यापासून सुरू करायची आणि शेपटी हलकेच वाकवल्यावर जिथे घडी पडते तिथे थांबवायची. घडीपुढे शेपटीवर गेलेले खवले धरले तर आकडा दोन-तीनने फुगतो, आणि माझ्या पहिल्या हंगामाचे आकडे याच कारणाने टाकून द्यावे लागले. मोठ्या पंधरा माशांत, नाकाड असो वा नसो, आकडे बत्तीस ते चौतीसच्या दरम्यानच आले. गुदद्वार आणि गुदपर यांच्यातील अंतरही कॅलिपरने घेतले, आणि दोन्ही गटांची मापे एकमेकांत मिसळली. म्हणजे माझ्यापुरता निर्णय आज केवळ मुस्कटावर उभा आहे, आणि म्हणूनच चिठ्ठ्या मी अशा बदलल्या आहेत : सत्तरच्या वरचे नाकाडवाले आठ ‘गारा स्टेनोऱ्हिंकस’, सत्तरच्या वरचे गुळगुळीत सात ‘गारा मुल्ल्या’, ठेंगण्या फुगवट्याचे पाच ‘बहुधा स्टेनोऱ्हिंकस’, आणि उरलेले सव्वीस फक्त ‘गारा’. अर्ध्याहून अधिक माशांना जातीचे नाव न देणे काहींना अपुरे वाटेल, पण माझ्या मते चुकीच्या नावापेक्षा ओढ्याचे नाव, खोरे, तारीख आणि लांबी एवढे लिहिलेली चिठ्ठी अधिक उपयोगी आहे.

खऱ्या अर्थाने उपजातीचा प्रश्न आहे तो कोयना आणि हिमालय यांच्यात. गेल्या हिवाळ्यात डेहराडूनजवळच्या एका ओढ्यात मला सहा गोटिला पाहायला मिळाले. कोयनेपासून ती जागा सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटरवर आहे. तिथल्या माशांचे नाकाड रुंद आणि चौकोनी होते. कोयनेच्या आठांचे त्या मानाने अरुंद. एवढ्या अंतरावरचे दोन समूह एकाच जातीचे मानावेत असे पूर्वीच्या अभ्यासकांना का वाटले, हे समजण्यासाठी मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांची सातपुडा उपपत्ती आठवावी लागते. १९४० च्या दशकात त्यांनी असे मांडले की पूर्वेकडचे डोंगरी ओढ्यांतील मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगांवरून पश्चिम घाटात पोहोचले असावेत. ती वाट मान्य केली की हिमालयातील गोटिला आणि घाटातील त्याची उपजाती ही जोडी स्वाभाविक वाटते. वाट नंतर तुटली असेल, तर तुटलेले दोन टोकांचे समूह उपजाती म्हणून ओळखायचे की जाती म्हणून, हा किती फरक साचला आहे याचा प्रश्न ठरतो. पक्ष्यांच्या अभ्यासात अमादोन यांनी १९४९ मध्ये पंचाहत्तर टक्क्यांचा नियम चर्चिला होता, ज्यात एका समूहाचे किमान पंचाहत्तर टक्के सदस्य दुसऱ्या समूहापासून वेगळे काढता यायला हवेत अशी अपेक्षा असते. माझे सहा विरुद्ध आठ मासे सगळे वेगळे काढता आले, परंतु चौदा माशांवर टक्केवारी काढणे मला मान्य नाही. आपल्याकडच्या याद्यांतील दुसरे उदाहरणही हेच सांगते : सायलास यांनी १९५२ मध्ये ‘ऑस्टिओब्रामा कोटिओ पेनिन्सुलारिस’ ही द्वीपकल्पाची उपजाती वेगळी केली आणि तीही आज स्वतंत्र जाती म्हणून गणली जाते.

राहिला घाटापलीकडच्या सावित्री नदीतील मळ्यांचा प्रश्न. महाबळेश्वरच्या पठारावर कोयना आणि सावित्री यांचे उगम अगदी शेजारी आहेत, पण कोयना कराडला कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री घाट उतरून बाणकोटला अरबी समुद्रात. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका पऱ्ह्यात (लहान ओढ्यात) मार्चमध्ये एकोणीस मळ्या मिळाले. एकालाही नाकाड नव्हते, पण सर्वांत मोठा मासाही सहासष्ट मिलिमीटरचाच होता, आणि कोयनेच्या अनुभवानंतर त्या लांबीच्या गुळगुळीत मुस्कटावरून मी काहीही ठरवणार नाही. येत्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर, पाणी चढण्यापूर्वी, त्याच पऱ्ह्याच्या खालच्या अंगाच्या मोठ्या डोहांत सत्तरच्या वरचे किमान दहा मासे मिळवण्याचा प्रयत्न करणार आहे. ज्यांच्याकडे कोकणातील कोणत्याही नदीतील एवढ्या मोठ्या मळ्याचे समोरून आणि बाजूने घेतलेले फोटो, लांबी आणि नदीचे नाव यांसह असतील, त्यांनी ते जरूर दाखवावेत.