आमची वाटचाल: मुळापासून नर-मादीपर्यंत

आमची रोपवाटिका कोरडवाहू जमिनीसाठी होहोबा (बियांत तेलासारखं मेण असलेलं वाळवंटी झुडूप), कॅरोब (गोड शेंगांचं झाड) आणि पिस्ता अशी झाडं तयार करते. सुरुवातीला बाकीच्या रोपवाटिकांसारखीच आमचीही पद्धत होती: बी लावायचं, पिशवीत रोप वाढवायचं, विकायचं. या झाडांना ती चालत नाही. चूक आज झाली तर ती चौथ्या वर्षी कळते, तेव्हा बाग उभी असते आणि फळ नसतं.

पहिली अडचण मुळाची. होहोबाचा कोंब जमिनीवर दिसतो तोवर सोटमूळ बरंच खोल गेलेलं असतं. साध्या पिशवीत ते तळाला आदळून गोल फिरतं. लावल्यावर झाड वरून टवटवीत दिसतं, पण मूळ त्या वेटोळ्यातून खाली उतरत नाही आणि पाणी तुटलं की झाड बसतं. आता आम्ही ३० ते ३५ सेंमी उंचीच्या, आतून उभ्या कडा असलेल्या, तळ उघडा असलेल्या नळ्या वापरतो. त्या जमिनीपासून उंच, तारेच्या जाळीवर ठेवतो. खाली आलेलं टोक हवेत सुकतं आणि वरून नवी मुळं फुटतात. भरण दोन भाग जाडी वाळू, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं खत. खत वाढवलं की शेंडा फोफावतो आणि मूळ आळशी राहतं. गिऱ्हाइकाला उंच रोप आवडतं, हा आमच्या धंद्याचा जुना त्रास. आम्ही बुटकंच देतो.

दुसरी अडचण जास्त खर्चाची. होहोबा आणि पिस्त्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. कॅरोबच्या काही जाती उभयलिंगी असल्या तरी बहुतेकांत तीच गत. बियांपासून साधारण निम्मे नर निघतात आणि कोवळ्या रोपाकडे बघून ते ओळखता येत नाहीत. १९७०च्या सुमारास अमेरिकेने स्पर्म व्हेलच्या तेलाची आयात बंद केली. त्याची जागा घेऊ शकणारं द्रवरूप मेण होहोबाच्या बीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास असतं. म्हणून लागवडीची लाट आली, पण त्या बागा बहुतांश बियांच्या. निम्मी झाडं नर आणि उरलेल्या माद्यांचं उत्पन्न एकसारखं नाही. पुढच्या बागा निवडक माद्यांच्या छाटकलमांकडे वळल्या, आम्हीही.

छाटकलम अर्धपक्व शेंड्याचं घ्यावं, ५ ते ७ पेरांचं. खालची पानं काढून टोक आयबीए या मुळं फुटवणाऱ्या संप्रेरकाच्या ४००० पीपीएम द्रावणात काही सेकंद बुडवतो आणि परलाइटच्या (हलक्या, सच्छिद्र खनिज दाण्यांच्या) मिश्रणात धुक्यासारख्या फवाऱ्याखाली लावतो. तळाची उष्णता २५ ते २७ अंश. पाच-सहा आठवड्यांत मुळं येतात. धुकं जास्त झालं तर बुडखा काळा पडतो, कमी झालं तर पानं गळतात. मुळं फुटल्यावर धुकं एकदम बंद न करता दोन आठवडे हळूहळू कमी करायचं, नाहीतर या टप्प्यावर सगळ्यात जास्त रोपं जातात. छाटकलमाला खरं सोटमूळ नसतं, म्हणून त्याला पहिली दोन वर्षं पाण्याचा आधार जास्त लागतो, हे आम्ही विकतानाच सांगतो.

होहोबाची ४ बाय २ मीटरवर हेक्टरी १२५० झाडं बसतात. त्यात नर १० टक्के पुरतात, म्हणजे १२५. परागण वाऱ्याने होतं, तेव्हा नर वाऱ्याच्या बाजूला आणि मध्येमध्येही हवेत. त्यांचा फुलोरा माद्यांच्या वेळेला जुळला पाहिजे. पिस्त्यात ही वेळ चुकली की कवच वाढतं, पण आत गर नसतो. शिवाय पिस्त्याला हिवाळ्यात ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. नुसतं कोरडं हवामान पुरत नाही, त्यामुळे उष्ण हिवाळ्याच्या भागात आम्ही पिस्ता देतच नाही.

कॅरोबचं बी दगडासारखं. उकळून जरा निवलेलं पाणी ओतून चोवीस तास ठेवायचं, फुगलेलं पेरायचं, न फुगलेल्यावर तोच प्रयोग पुन्हा करायचा. रोप पेन्सिलीइतकं जाड झालं की त्यावर मादी झाडाचा डोळा बसवून कलम करतो. या झाडाला जुन्या लाकडावर फुलं येतात आणि आधीच्या शेंगा पिकताना नवा फुलोरा सुरू होतो. म्हणून जाड फांद्या छाटू नयेत, काठीने झोडपताना हात आवरावा.

पाण्याबाबत लोक दोन्ही टोकं गाठतात. रोज थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात, त्यापेक्षा उशिरा आणि खोल द्यावं. ठिबकची तोटी दरवर्षी खोडापासून लांब सरकवावी. जमीन निवडताना ६० सेंमी खड्डा पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी पाणी उभं असेल तर तिथे होहोबा लावू नका. मुळं कुजतात, आणि मर लागली की नांग्या भरून, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावून, उपयोग नसतो.

प्रत्येक रोपावर नर किंवा मादी, मूळ झाडाचा क्रमांक आणि कलम केल्याची तारीख असते. प्लास्टिकच्या चिठ्ठ्यांवरची शाई उन्हात एका हंगामात उडते, तेव्हा आता ॲल्युमिनियमची पट्टी असते, अक्षरं खिळ्याने कोरलेली. तार सैल ठेवतो. खोड जाड होताना घट्ट तार सालीत रुतते.