घर माझ्या नावावर होता होता

अमळनेरचं आमचं घर ह्यांच्या नावावर. पोळ्याला नाना म्हणाले, "आता सूनबाईच्या नावावर करून टाक." बक्षीसपत्राला, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देण्याच्या दस्ताला, महाराष्ट्रात नवरा-बायकोत मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये, स्थानिक अधिभार नि नोंदणीचा खर्च वेगळा. मी फोटोसुद्धा काढून आणले होते.

वकीलसाहेबांनी सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे घराच्या मालकीची सरकारी नोंद, उलगडला आणि 'इतर भार'च्या रकान्यावर बोट ठेवलं. कोर्टाची जप्ती! मित्राच्या कर्जाला हे जामीन राहिले होते. तो हप्ते भरेना, कोर्टाचा हुकूमनामा, म्हणजे पैसे भरण्याचा निकाल, ह्यांच्यावरही झाला. सही करताना मला विचारलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

जप्तीनंतर बक्षीसपत्र केलं तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे त्या वसुलीपुढे ते टिकत नाही. नोंदणी झाली म्हणजे सुटलो, असं नव्हे. जप्ती नसती, पण देणं बुडवायला बायकोच्या नावावर केलं असतं, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३ आडवं आलंच असतं. आणि हुकूमनाम्याची बजावणी १२ वर्षांपर्यंत मागता येते.

म्हणून आधी पैसे कोर्टात भरायचे, जप्ती उठवायची, उताऱ्यावरचा शेरा कमी करून घ्यायचा. कापसाचे पैसे आले की पहिला भरणा तिकडे. फोटो डब्यात जपून ठेवलेत.