चार मिनिटं क्लिक नाही, म्हणजे नेमकं काय?

वर्गात ३२ मुलं, विषय अपूर्णांकांची बेरीज, प्रत्येकाकडे टॅबलेट आणि मॅडमच्या हातात डॅशबोर्ड, म्हणजे कोणतं मूल काय करतंय ते एका नजरेत दाखवणारा पडदा. माझं काम मागच्या भिंतीशी उभं राहून निरीक्षणं टिपायचं. डॅशबोर्डवर बाकांच्या मांडणीप्रमाणेच ३२ चौकटी होत्या. नुसती नावांची यादी असली की शिकवता शिकवता नाव वाचायचं, मग बाक आठवायचा, यातच मोक्याचा वेळ जातो. तिसऱ्या बाकावरच्या मुलीची चौकट लाल झाली होती आणि तशीच राहिली होती. खिडकीजवळच्या मुलाची चौकट तास सुरू झाल्यापासून हिरवी. त्या तासाला मदतीची खरी गरज होती ती या हिरव्या मुलाला.

आधी लाल चौकटीबद्दल. रंग ठरत होता तो शेवटच्या क्लिकनंतर गेलेल्या वेळावरून आणि चुकलेल्या प्रयत्नांवरून. क्लिक थांबलं की पहिला संशय नेटवर्कवर घ्यावा. टॅबलेटचं कनेक्शन तुटलं की नोंदी त्यातच साठतात आणि जोडणी परत आली की एकदम सर्व्हरवर जातात. नोंदीला सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ लावली, तर एकाच रांगेतली चार-पाच मुलं आधी निवांत बसलेली आणि मग एका सेकंदात दहा कृती करणारी दिसतात. म्हणून वेळ टॅबलेटची घ्यायची, सगळ्या टॅबलेटची घड्याळं तासाआधी जुळवायची आणि चौकटीच्या कोपऱ्यात ‘जोडणी आहे’ हे दाखवणारा ठिपका ठेवायचा. मुलीच्या चौकटीत ठिपका होता. म्हणजे चार मिनिटं क्लिक न करणारी ती खरोखरच थांबलेली होती.

अशा वेळी मॅडमचा नियम पक्का होता: मुलाच्या मागून जायचं, वही पाहायची, मग बोलायचं की नाही ते ठरवायचं. मुलीच्या वहीत १/३ + १/४ = २/७ असं लिहून खोडलेलं होतं. शेजारी तिने लिहिलं होतं, ‘२/७ तर १/३ पेक्षा लहान?’ खाली एक आयत, त्यात १२ घरं, चार घरांत आडव्या रेघा आणि पुढच्या तीन घरांत उभ्या रेघा काढणं चाललेलं. बेरीज केल्यावर उत्तर लहान कसं होईल, हे तिचं तिलाच खटकलं होतं. मॅडम एक शब्दही न बोलता पुढे गेल्या. थोड्या वेळाने ७/१२ हे उत्तर आलं. लॉगमध्ये, म्हणजे टॅबलेटवरच्या कृतींच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, या सगळ्याची नोंद एवढीच: एक प्रयत्न, बरोबर, शून्य हिंट, वेळ नेहमीपेक्षा बराच जास्त.

सिडनी डिमेलो आणि आर्थर ग्रेसर या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेला भावनांच्या चढउताराचा नमुना इथे उपयोगी पडतो. अडलेलं मूल गोंधळतं. गोंधळ सुटला की ते पुन्हा रमतं, सुटला नाही की वैतागतं आणि वैताग लांबला की कंटाळून सोडून देतं. गोंधळ ही शिकण्यातलीच एक पायरी आहे, तिथे घाईने हात घालायचा नसतो. मुलीला त्या क्षणी कोणी ‘कुठे अडलीस गं?’ असं विचारलं असतं तर तो आयत अर्धाच राहिला असता, असं मला मनापासून वाटतं.

आता खिडकीजवळचा मुलगा. माझी निरीक्षणं ब्रॉम्प (BROMP) या, वर्गातल्या मुलांचं वागणं आणि भावना टिपायच्या पद्धतीची होती. मुलांचा क्रम आधी ठरवायचा, एकेकाकडे जास्तीत जास्त २० सेकंद, तेही टक न लावता, आणि पहिली जी स्थिती ओळखू येईल तीच लिहायची. क्रम ठरवला नाही तर नजर सारखी चुळबुळ करणाऱ्यांकडेच जाते आणि शांत मुलं कागदावर येतच नाहीत. वागणं आणि भावना वेगवेगळ्या रकान्यांत. भावनांच्या रकान्यात एकाग्र, गोंधळलेला, वैतागलेला, कंटाळलेला. या मुलापुढे प्रत्येक फेरीत ‘एकाग्र’ असंच येत होतं. मान खाली, बोटं स्क्रीनवर, शेजाऱ्याशी गप्पा नाहीत.

लॉग उघडला तेव्हा चित्र बदललं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गणिताला तीन हिंट होत्या. पहिली विचार करायला लावणारी, दुसरी समच्छेद दाखवणारी, तिसरी जवळजवळ उत्तरच देणारी. हा मुलगा तिन्ही हिंट सेकंद-दोन सेकंदांच्या अंतराने उघडत होता आणि लगेच उत्तर टाकत होता. चूक कधी होतच नव्हती, आणि रंगाच्या नियमात हिंट मोजली जायची ती चुकीच्या उत्तरानंतर उघडली तरच. म्हणून चौकट हिरवी. संशोधनात या वागण्याला यंत्रणेला चकवणं म्हणतात आणि रायन बेकर यांनी त्यावर बरंच काम केलं आहे. हिंट उघडल्यापासून पुढच्या कृतीपर्यंतचा वेळ ही एकच गोष्ट पाहिली तरी ते बऱ्यापैकी ओळखता येतं. तीन ओळी वाचायला एक सेकंद पुरत नाही.

पण चकवणं हे वागणं झालं. त्यामागे काय आहे, हे लॉग सांगत नाही. आळस असेल, कंटाळा असेल, आणखी काही असेल. मॅडमनी त्याच्याजवळ बसून हळूच विचारलं, “२/३ अधिक १/५ मध्ये छेद १५ कुठून आला रे?” तो गप्प. मग म्हणाला, “मॅडम, चुकलं की सगळी स्क्रीन लाल होते. मागच्यांना दिसते.”

मानसशास्त्रज्ञ राइनहार्ड पेक्रुन यांच्या २००६ च्या सिद्धांतात हेच आहे: निकाल महत्त्वाचा वाटतो, पण तो आपल्या हातात आहे असं वाटत नाही, तिथे चिंता येते. मॅडमनी टॅबलेट पालथा ठेवला आणि कागदावर १/२ + १/५ लिहून दिलं. त्याने लिहिलं, २/७. “अर्ध्यापेक्षा हे मोठं की लहान?” तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच दहा घरं आखली.

हा प्रसंग सांगितला की चेहऱ्यावरून भावना ओळखायला कोणीतरी कॅमेरा लावायचं सुचवतं. मी विरोध करतो. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या आढाव्याचा निष्कर्ष असा की चेहऱ्याच्या हालचालींवरून भावना भरवशाने ओळखता येत नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने तर शाळेत आणि कामाच्या ठिकाणी यंत्राने भावना ताडण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, अपवाद फक्त वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांचा. या मुलाचा चेहरा तर एकाग्रच दिसत होता.

मुलांना थेट विचारणं जास्त बरं, पण तेही नीट करायला हवं. दोनच प्रश्न: बरं वाटतंय की वाईट, आणि उत्साह आहे की मरगळ. ते दोन गणितांच्या मधे विचारायचे, गणित सोडवताना कधीच नाही. दर गणिताला विचारलं की मुलं न वाचता पहिलाच पर्याय दाबतात, म्हणून तासाला दोनदा पुरे, आणि ‘सांगायचं नाही’ हा पर्याय हवाच. उत्तर वर्गातल्या मोठ्या पडद्यावर जाऊ द्यायचं नाही.

पुढच्या तासापूर्वी मॅडमनी आणि मी बसून बदल ठरवले. मुलांच्या स्क्रीनवरचा लाल रंग काढला, चूक झाली की फक्त चुकलेल्या पायरीखाली रेघ येते. दोन हिंटमध्ये १५ सेकंदांचं अंतर ठेवलं. त्याने चकवणं अवघड होतं, भीती जात नाही, म्हणून हा उपाय मी दुय्यम मानतो. थांबण्याची मर्यादा सगळ्या गणितांना सारखी न ठेवता, त्या गणिताला आधीच्या वर्गांनी घेतलेल्या वेळाच्या मध्यकाच्या दुप्पट केली. चौकटीवरचा ‘मागे पडत आहे’ हा शेरा काढला आणि ‘इतकी मिनिटं क्लिक नाही’ एवढंच ठेवलं. हिंट पटापट उघडणाऱ्यांसाठी वेगळी खूण आली. भावनांची उत्तरं घटकाच्या शेवटी पुसली जातात आणि प्रगतिपुस्तकाशी जोडली जात नाहीत. हे मुलांना पहिल्याच दिवशी त्यांच्या शब्दांत सांगितलं जातं.