हाताने कलर सेपरेशन करून एक कॉमिक पॅनल छापलं : माझा अनुभव

जुन्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचं वेड मला कॉलेजपासून आहे. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून घेतलेले सत्तरच्या दशकातले मार्व्हलचे काही अंक अजून जपून ठेवलेत, कागद पिवळा पडलाय, कडा हात लावला की तुटतात, पण भिंग घेऊन बसलो की तास कसा गेला कळत नाही. भिंगाखाली माणसाचा चेहरा म्हणजे पांढरट कागदावर पिवळे आणि गुलाबी ठिपके, बाकी काही नाही. आणि बरेचदा ओठाचा लाल रंग ओठात नसून शेजारी गालावर असतो.

हे दाखवलं की लोक म्हणतात, स्वस्तातली छपाई, लक्ष कोण देणार. मला हे कधीच पटलं नाही. ज्या पानावर मार्व्हलचा चित्रकार जॅक कर्बी याच्यासारख्या माणसाने एवढा जीव ओतलाय त्याच्या रंगाकडे कोणीच बघितलं नसेल असं कसं होईल? म्हणून ठरवलं की वाचून खूप झालं, आता एक पॅनल, म्हणजे कॉमिकमधली एक चौकट, त्याच पद्धतीने, हातानेच, शेवटपर्यंत करून बघायचं.

तेव्हाचं कलर सेपरेशन, म्हणजे छपाईसाठी चित्रातला एकेक रंग वेगळा काढणं, कसं चालायचं ते थोडक्यात सांगतो. कलरिस्ट छपाईच्या आकाराच्या कॉपीवर रंगीत शाईने रंगवायचा आणि प्रत्येक रंगाशेजारी कोड लिहायचा. पिवळा, लाल (म्हणजे छपाईतला गुलाबीकडे झुकणारा मॅजेंटा), निळा, प्रत्येकाची ताकद फक्त तीन प्रकारची : २५ टक्के, ५० टक्के आणि पूर्ण. गोऱ्या माणसाची कातडी म्हणजे वाय२ आर२, म्हणजे पिवळा पंचवीस आणि लाल पंचवीस. भडक लाल म्हणजे नुसतं वायआर, दोन्ही पूर्ण. असं सगळं धरून, कोरा कागदही मोजला तर, एकूण ६४ रंग. सुपरमॅनपासून हल्कपर्यंत सगळी दुनिया ह्या ६४ मध्ये बसवायची. मग ही रंगवलेली कॉपी, म्हणजे कलर गाइड, जायची कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला, केमिकल कलर प्लेट नावाच्या कंपनीत, आणि तिथे बहुतेक बायका एकेका पानासाठी पारदर्शक अ‍ॅसिटेटच्या नऊ शीट हाताने रंगवायच्या. तीन रंग, प्रत्येकाच्या तीन ताकदी, म्हणून नऊ. त्यावरून प्लेटा, आणि छपाई इलिनॉयमधल्या स्पार्टा गावी, वर्ल्ड कलर प्रेसच्या अजस्र रोटरी मशीनवर, न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वस्त कागदावर. ह्या बायकांची नावं कुठल्याच अंकात नाहीत. साठच्या दशकात कलरिस्टचंही नाव सहसा छापत नसत.

पॅनल मी स्वतःच काढलं, एक आडदांड राखाडी गडी भिंत फोडून बाहेर येतोय आणि मागे पळणारी माणसं. राखाडी मुद्दाम घेतला, कारण १९६२ च्या मे महिन्याच्या हल्कच्या पहिल्या अंकात हल्क राखाडीच होता आणि दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला हे आपल्याला माहीत असतं, पण का झाला ते मला हाताने समजून घ्यायचं होतं. चित्र छपाईच्या दुप्पट आकारात काढलं, कारण १९६७ च्या आसपासपर्यंत मूळ आर्ट तसंच दुप्पट असायचं, नंतर आकार कमी केला. हा फरक नुसता ऐकून कळत नाही. मोठ्या कागदावर ब्रश खांद्यापासून फिरतो, रेषेला वेग येतो, आणि झेरॉक्सवर निम्मं केलं की त्याच रेषा एकदम घट्ट आणि ठाम दिसायला लागतात.

गाइड रंगवायला तिकडे डॉ. मार्टिन्सच्या शाया वापरायचे, मी कॅमलचे पारदर्शक फोटो कलर घेतले, छान चालले. पुढचं काम मात्र कस काढणारं होतं. पारदर्शक ओएचपी शीटवर काळा पोस्टर कलर, त्यात थेंबभर भांड्याचं लिक्विड सोप घातलं की प्लॅस्टिकवर धरतो नाहीतर मोत्यासारखा गोळा होऊन पळतो. एकेका शीटवर फक्त तेवढाच भाग भरायचा, म्हणजे निळा पन्नास टक्के जिथे जिथे आहे तोच, मग पुढची शीट, मग पुढची. डोक्यात सतत हिशोब ठेवावा लागतो की हा हात ह्या शीटवर आहे आणि त्या शीटवरही आहे. मागची पळणारी माणसं आली तेव्हा प्रत्येकाचा शर्ट, पँट, कातडी वेगळी करत बसायचं जिवावर आलं, आणि तिथे मला जुन्या कॉमिक्समधली एक गोष्ट लख्ख कळली. तिथे मागची गर्दी पूर्ण निळी नाहीतर पूर्ण जांभळी का असते! मी पण सगळी माणसं एकाच निळ्यात टाकली, काम वाचलं हे तर झालंच, पण पुढचा गडी एकदम कागदातून बाहेर आला. ईसी कॉमिक्स ह्या जुन्या अमेरिकन प्रकाशनात कलरिस्ट मारी सेव्हरिन हेच करायची आणि तिचं ते रंगकाम मला आजच्या हजारो शेड्सच्या डिजिटल कलरिंगपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

शीट स्कॅन करून त्यात ठिपके भरले, चार फिल्म काढल्या, तीन रंगांच्या तीन आणि काळ्या रेषेची एक, आणि पुण्यात शनिवार पेठेत लग्नपत्रिका छापणारे एक काका आहेत त्यांच्याकडे गेलो. स्क्रीन प्रिंटिंग आणि लेटरप्रेस रोटरी ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे हे मान्य, पण एकावर एक चार रंग, ठिपके आणि न्यूजप्रिंट, एवढं तरी खरं मिळणार होतं. काकांनी फिल्म उजेडाला धरून बघितल्या आणि म्हणाले, "पत्रिकेला दोन रंग असतात हो, हे चार रंग ह्या रद्दी कागदावर? कागद ओढला जाणार, सेटिंग हलणार, आधीच सांगतो." आणि तसंच झालं. पिवळा बसला, लाल बसला, निळ्यापर्यंत कागद शाई पिऊन किंचित फुगलेला, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर सरकलं. पण वर काळी लाइन पडली आणि काय जादू, बरंचसं सरकलेलं झाकलं गेलं. कर्बीच्या चित्रांवर शाई फिरवणाऱ्या जो सिनॉटची ती जाड, गुळगुळीत काळी आउटलाइन मी इतकी वर्षं फक्त स्टाइल म्हणून बघत होतो, ती रंगांना कुंपणही घालते हे त्या दिवशी दिसलं.

आता राखाडी. त्या ६४ रंगांत राखाडी असा स्वतंत्र रंगच नाही, काळ्या प्लेटवर फक्त रेषा आणि अक्षरं असायची. म्हणून पिवळा, लाल आणि निळा तिन्ही हलके एकत्र करून तो जमवायचा. काकांचा हात चाळीस वर्षांचा, तरी स्क्वीजीवरचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीवरचा, दाब जरा कमी जास्त झाला की गडी एका कागदावर मातकट, दुसऱ्यावर हिरवट, पुढच्यावर भाजल्यासारखा तांबूस. सगळे ओले कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले तर एकच माणूस दर कागदावर वेगळा. काका लगेच म्हणाले, "तीन शायांचा ग्रे कधी धरत नाही, ग्रे पाहिजे तर ग्रेची शाई वेगळी घ्या नाहीतर रंग बदला." अहो, मार्व्हलचा कलरिस्ट स्टॅन गोल्डबर्ग यानेही हल्कचा लेखक-संपादक स्टॅन ली याला हेच सांगितलं होतं की हा राखाडी छपाईत एकसारखा येणार नाही! पहिल्या अंकात हल्क पानापानाला वेगळा दिसतो, कुठे फिकट, कुठे जवळजवळ काळा, कुठे चक्क हिरवट. न्यूयॉर्कमधला कलरिस्ट आणि पुण्यातले पत्रिकावाले काका, ज्यांनी हल्क फक्त नातवाच्या टी-शर्टवर बघितलाय, दोघांचं निदान एकच. मला तर अंगावर काटा आला.

मग हिरवा करून बघितला, पिवळा पूर्ण आणि निळा पन्नास, लाल काढूनच टाकला. आता दाब कमी जास्त झाला तरी फार तर थोडा पोपटी नाहीतर थोडा गडद, पण हिरवा तो हिरवाच. दोनच शाया असल्या की चूक झाली तरी रंग स्वतःच्या घरातच राहतो. पँट जांभळी ठेवली, लाल आणि निळा, म्हणजे त्यातही दोनच शाया, आणि हिरव्याशेजारी ती अशी काही उठली की हल्कला पँट जांभळीच का ह्याचं एक उत्तर मला तिथेच मिळालं.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. काकांकडे पत्रिकेचा पांढराशुभ्र आर्ट कार्ड होता, त्यावर तेच पॅनल काढलं, आणि ते डोळ्यांना बोचतं. रंग तेच, ठिपके तेच, पण न्यूजप्रिंटचा मळकट करडेपणा गेला की सगळं ओरडायला लागतं. जुन्या अंकांची चकचकीत कागदावरची नवी पुनर्मुद्रणं मला म्हणूनच खटकतात, कारण कलरिस्टने रंग निवडताना तो मळका कागदही हिशोबात धरलेला होता. कोणी विकत घेणार असाल तर मॅट कागदाची आवृत्ती मिळते का आधी बघा.

आणि करून बघायची इच्छा असेल तर थेट चार रंगांत उडी मारू नका, काळा अधिक एक रंग एवढ्यावर सुरुवात करा, प्रिंटिंगवाल्यांना लग्नसराई संपल्यावर गाठा म्हणजे ते वेळ देतात. माझं पुढचं पॅनल रात्रीचं आहे, काळ्या केसांत निळी चमक असलेला हिरो, आणि ह्या वेळी काका स्वतःच म्हणालेत की निळा सगळ्यात आधी टाकून बघू.